रंगपेटी आणि समुपदेशकाची खुर्ची

ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधल्या शाळांत व गृहसंकुलांत हल्ली मनाच्या आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलले जाते. परीक्षेच्या हंगामात समुपदेशकाचे व्याख्यान ठेवले जाते, सुट्टीत 'आर्ट थेरपी'ची कार्यशाळा होते. दोन्हींमागचा हेतू चांगला आहे. मात्र शाळेचे व्यवस्थापन असो वा सोसायटीची कमिटी, हाताशी पैसे मोजकेच असतात. अशा वेळी ते आधी कलेच्या वाटेने खर्च करावेत की समुपदेशनाच्या, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर सुज्ञ माणसांचीही मते वेगळी असू शकतात.

मनाच्या आरोग्याचा विषय ठाणे परिसराला नवा नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि 'ठाण्याला पाठवा' ही मराठीतली क्रूर थट्टा त्याच्याच नावावर बेतलेली आहे. त्याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली आणि 'सुदृढ मन सर्वांसाठी' हे तिचे ब्रीद ठेवले. मानसिक आरोग्य हा फक्त आजारी माणसाचा विषय नाही, हा विचार त्यामुळे इथल्या मध्यमवर्गीय घरांत रुजायला मदत झाली. आता सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले आहेत. निवड पुढे ढकलण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

कलेच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापर्यंत कला पोचते. घरातले भांडण सहा वर्षांच्या मुलाला सांगता येणार नाही, पण घराचे चित्र काढताना तो कुणाला दाराबाहेर उभे करतो, यातून बरेच कळते. रोज गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत ये-जा करणारा माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणत समुपदेशकाचे दार टाळेल, पण मातीकामाच्या वर्गाला तो कदाचित येईल. तिथे कुणी त्याला रुग्ण म्हणत नाही. ही कल्पना जन्मली तीही अशाच अनुभवातून. क्षयरोगातून बरे होताना चित्रांनी दिलेला आधार अनुभवलेल्या एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापकांपैकी एक असलेले अनिल अवचट स्वतः लाकूड कोरत, ओरिगामी करत, बासरी वाजवत. छंद माणसाला सावरतो, हे त्यांनी जगून दाखवले. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातले प्रश्न नाटकात मांडले. त्या उपक्रमाला कुणी उपचार म्हटले नाही. तरीही आपली गोष्ट कुणीतरी मन लावून पाहते, या जाणिवेचे मोल कमी नाही.

मात्र कलेने बरे वाटणे आणि कलेने आजार बरा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आरोग्याला पूरक ठरते असे म्हटले. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना सामूहिक आर्ट थेरपीची जोड दिल्याने अधिक सुधारणा दिसली नाही. बोलावलेल्यांपैकी अनेकजण सत्रांना फारसे आलेच नाहीत. या निष्कर्षाने कला निरुपयोगी ठरत नाही. गंभीर आजारात तिच्यावर किती भार टाकावा, एवढेच तो सांगतो. आणखी एक धोका आहे. चित्र काढता काढता एखाद्या मुलीच्या मनातला अत्याचाराचा प्रसंग कागदावर उतरला, तर रंग वाटणारी व्यक्ती पुढे काय करणार? जखम उघडी करायची आणि दोन तासांनी कार्यशाळा संपली म्हणून निघून जायचे, हे त्या मुलीवर अन्यायकारक आहे.

समुपदेशनाची ताकद नेमकी इथे आहे. प्रशिक्षित समुपदेशक गोपनीयता पाळतो, आत्महत्येच्या विचारांची चिन्हे ओळखतो, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतो. ऐकण्याला तो दिशा देतो.

तथापि समुपदेशनाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती, महाराष्ट्र नव्हता. पण त्यातून दिसलेले चित्र आपल्याला परके नाही. १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक विकार होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून वंचित होते. प्रशिक्षित माणसे कमी आहेत, खासगी भेटीचे शुल्क अनेकांना परवडत नाही आणि वन-रूम-किचनमध्ये फोनवरून मन मोकळे करायला कोपराही मिळत नाही. शाळेतला समुपदेशन कक्ष मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून असेल, तर तिथे जाणाऱ्या मुलावर शिक्का बसायला वेळ लागत नाही. शिवाय पाटी लावली म्हणजे समुपदेशक झाला, असे नाही; अल्पमुदतीचा वर्ग करून सल्ले देणाऱ्याचा चुकीचा शब्द चित्रापेक्षा खोल लागू शकतो. संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात समुपदेशकांचा समावेश आहे, कला आणि नृत्य यांच्या आधारे उपचार करणाऱ्यांचाही आहे. चौकट आखली गेली आहे. पण समुपदेशकाचा फलक वाचणाऱ्या पालकाला तिचा आधार अजून जाणवत नाही.

यात कलाशिक्षकांचा एक आक्षेप आहे, तोही ऐकायला हवा. ते म्हणतात, कलेला औषध का बनवता? आपल्याकडे मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देतात, त्यातल्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणजे चित्रकला आधीच गुणांसाठी राबते आहे. आता ती ताण घालवण्यासाठीही राबवली, तर निव्वळ आनंदासाठी चित्र काढायला जागा कुठे उरणार? हा आक्षेप आम्हाला पटतो.

सगळे तोलून पाहिल्यावर आमचा कल असा आहे. एकाच गोष्टीसाठी पैसे असतील, तर ते आधी प्रशिक्षित समुपदेशकासाठी खर्च व्हावेत. याची किंमत आहे, हेही मान्य करू. एका दुपारी कार्यशाळेला चाळीस मुले हसताना दिसतात. समुपदेशकाकडे त्याच वेळात दोन मुले जातात, आणि त्यांचे काय झाले हे गोपनीयतेमुळे कुणाला सांगताही येत नाही. अहवालात लिहायला ते काम फिके दिसते. पण त्या दोघांपैकी एखादा कड्यावर उभा असू शकतो, आणि त्याला मागे ओढणारा हात नियमित व जाणता हवा. या समुपदेशकाने कलेचे माध्यम जरूर वापरावे, लहान मुलांसोबत तर अगत्याने. कलेचा तास मात्र सर्वांसाठी असावा आणि कला म्हणूनच असावा, गुणांशिवाय, निदानाशिवाय. 'थेरपी' हा शब्द जिथे जबाबदारी घेणारा प्रशिक्षित माणूस आहे, तिथेच वापरावा.

मोठ्या संस्था हे सहज करू शकतील. दोन-तीन लहान शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमला, तरी आरंभ होईल. पालकांना आमची विनंती इतकीच : पुढच्या सभेत फलकावरच्या नावाखालची पात्रता विचारा, अडचणीत आलेल्या मुलाला पुढे कुठे पाठवणार हे विचारा, आणि केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांनी काढलेल्या चित्रांच्या शेजारी, लावून घ्या.