पुण्याची टीम अमेरिकन फुटबॉलची चॅम्पियन झाली होती! मग हा खेळ आपल्या कॉलेजांत का रुजला नाही?

डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि हातात लंबगोल बॉल. अमेरिकन फुटबॉल आपण रील्समध्ये बघतो आणि पुढे सरकवतो. पण या खेळात एक मराठी चॅम्पियनही होऊन गेलाय.

पुणे मराठाज

२०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला सीझन झाला. मॅचेस झाल्या श्रीलंकेत. फायनलमध्ये पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६-० ने हरवलं. लीगमागे कोच माईक डिट्का, अभिनेता मार्क वॉलबर्ग अशी बडी अमेरिकन नावं होती. तरी लीग टिकली नाही.

गडबड कुठे झाली?

अमेरिकेत पहिली कॉलेज मॅच १८६९ ची, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन. आजची एनएफएल सुरू झाली १९२० मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं खेळ कॉलेजांनी वाढवला, प्रोफेशनल लीग नंतर आली. तिथे आजही डिव्हिजन थ्रीमधली छोटी कॉलेजं खेळाची स्कॉलरशिप न देता टीम उतरवतात आणि चॅम्पियनशिप जिंकतात. आपल्याकडे लीग आधी आली, खालून खेळाडू येणार कुठून?

वर्ध्याच्या पोरांना काय संधी?

अकरा जणांचं हेल्मेट-पॅड छोट्या कॉलेजला परवडणं अवघड. पण फ्लॅग फुटबॉलमध्ये पाचच खेळाडू लागतात. पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की खेळाडू बाद नाही, पण डाव तिथेच थांबतो. कबड्डी खेळलेल्यांना चकवा द्यायला शिकवावं लागत नाही. आणि हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे, मुलामुलींसाठी. तो निर्णय झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत!

पण थांबा

सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी कोणतंही मेडल चालत नाही. खेळ आणि स्पर्धा, दोन्ही शासनाच्या नियमांत बसावे लागतात. म्हणून दोन-तीन वर्षं घालवण्याआधी दोन गोष्टी विचारा: नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हा खेळ आहे का? आणि त्याचं सर्टिफिकेट जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालेल का?

उत्तर 'नाही' आलं तरी खेळा, पण माहीत असून खेळा. पुण्याच्या विजयाने एक गोष्ट दाखवली: ट्रॉफी एका सीझनमध्ये मिळते, खेळ रुजायला मात्र दरवर्षी भरणारी कॉलेजची स्पर्धा लागते.