सर्वानुमते मंजूर!

मागच्या शुक्रवारी ऑफिसात केक कापला, टाळ्या वाजल्या आणि ‘उत्कृष्ट कर्मचारी’चं सर्टिफिकेट माझ्या हातात पडलं. खाली तीन साहेबांच्या सह्या. वर माझ्या आडनावातला काना गायब! तिघांनी सही ठोकली, वाचलं एकानेही नाही.

चिडले नाही. मला टेक्सास आठवलं.

विधानभवनातला सत्कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुलै २०२४ मधला रोहित शर्मा आणि मंडळी येतात. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये मात्र तो शेजारच्या काकूंचाही होऊ शकतो! कुणी शंभरी गाठली, कुणी शिक्षिका रिटायर झाली, की आमदार तिच्या नावाने ठराव मांडतो. चार-पाच वेळा ‘ज्याअर्थी’ म्हणत कौतुक, शेवटी ‘त्याअर्थी’ सभागृहाकडून अभिनंदन. कायदा बदलत नाही, पैसे मिळत नाहीत. पण शिक्क्याची प्रत घरी येते. आता टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, तेही जास्तीत जास्त १४० दिवस. त्यात असे ठराव गठ्ठ्याने. वाचतंय कोण?

१९७१ मध्ये वेकोचे आमदार टॉम मूर (ज्युनियर) यांनी नेमकं हेच तपासलं. एप्रिल फूलचा मोका साधून त्यांनी अल्बर्ट डिसाल्वो या गृहस्थांच्या गौरवाचा ठराव मांडला. कशाबद्दल? तर लोकसंख्या नियंत्रण आणि मानसशास्त्रातल्या आगळ्यावेगळ्या कामगिरीबद्दल! ठराव सर्वानुमते मंजूर. आणि हे गृहस्थ कोण? बॉस्टनमध्ये १९६२ ते १९६४ दरम्यान गळा आवळून झालेल्या बायकांच्या खुनांची कबुली दिलेला माणूस. तेव्हा तुरुंगातच होता. मूरसाहेबांनी मग ठराव मागे घेतला आणि सांगून टाकलं, की आपण न वाचताच हात वर करतो.

किस्सा भन्नाटच. पण म्हणून हे ठराव बंद करा, असं मला नाही वाटत. फजिती झाली ती आमदारांची. त्या रिटायर झालेल्या बाईंनी आपला कागद शब्दन् शब्द वाचला असणार, पैज लावते! लिहिणाऱ्याने फक्त त्यांच्यासाठी तरी नीट लिहावं ना?

माझं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून शोकेसमध्ये ठेवलंय. म्हटलं, “अगं, आडनाव चुकलंय.”

“पाहिलं मी,” आई म्हणाली. “पेनने काना दिलाय. आणि तिसऱ्या ओळीत तारीखही चुकलीय, ती तू पाहिलीस का?”

नव्हती पाहिली.