रेषांच्या संख्येने चित्र मोजणाऱ्यांस

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळाविषयी अधिकारवाणीने लिहिणारे एक गृहस्थ अलीकडे असे प्रतिपादन करू लागले आहेत की, चित्राची प्रत केवळ त्यातील रेषांच्या संख्येवरून ठरते. सबब फ्रान्सचे 819 रेषांचे चित्र सर्वोत्कृष्ट, युरोपचे 625 चे मध्यम, अमेरिकेचे 525 चे त्याहून उणे आणि इंग्लंडचे 405 चे सर्वांत निकृष्ट. आकडे उतरत्या क्रमाने मांडणे यापलीकडे या निवाड्यात विचार नाही, आणि तरीही तो सिद्धांत म्हणून पुढे केला जातो, याचा मला संताप येतो.

रेषा चित्राचे विभाजन उभ्या दिशेने करतात. एका रेषेवर आडवा किती तपशील मावेल हे त्या रेषेस मिळणाऱ्या अवधीवर आणि चित्रसंकेतास दिलेल्या बँडविड्थवर अवलंबून असते. चौकटींचा वेग तोच ठेवून रेषा वाढवल्या की प्रत्येक रेषेच्या वाट्याचा अवधी घटतो, आणि बँडविड्थ त्या प्रमाणात वाढली नाही तर उभ्या दिशेने कमावलेले आडव्या दिशेने गमवावे लागते. फ्रान्सने 819 रेषांसाठी 10 मेगाहर्ट्झची बँडविड्थ राखून ठेवली, म्हणून तेथील चित्र खरोखर रेखीव होते, हे मी मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु शेजारच्या बेल्जियमने त्याच 819 रेषा 7 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत बसवल्या, तेव्हा चित्रास 5 मेगाहर्ट्झच उरले. रेषेचा दृश्य अवधी सुमारे 40 मायक्रोसेकंद आणि संकेताच्या एका आवर्तनात एक काळा व एक पांढरा असे दोन बिंदू धरले, तर त्या रेषेवर सुमारे 400 बिंदू उमटतात. इंग्लंडच्या पद्धतीस अवघे 3 मेगाहर्ट्झ मिळाले होते. पण तेथे रेषेचा दृश्य अवधी सुमारे 80 मायक्रोसेकंद, म्हणजे बिंदू 480! ज्या चित्रास हे गृहस्थ निकृष्ट ठरवतात, त्याची आडवी सुस्पष्टता त्यांच्या आवडत्या 819 च्या बेल्जियन अवतारापेक्षा अधिक होती.

अमेरिकेत पडदा सेकंदास 60 वेळा उजळे, युरोपात 50 वेळा. म्हणून तिकडे लुकलुक कमी होती, हेही त्यांच्या हिशेबात नाही. रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्यांनी 405 च्या चित्रावर पांढरे ठिपके पडत, तर 625 व 525 मध्ये ते काळे, म्हणून डोळ्यांस कमी खुपणारे असत, याचाही उल्लेख नाही.

1936 च्या नोव्हेंबरात इंग्लंडात अलेक्झांड्रा पॅलेस येथे 240 व 405 रेषांच्या पद्धती आळीपाळीने चालवून पाहिल्या गेल्या, त्याचा जुना वादही हे गृहस्थ रेषांच्या एका वाक्यात निकालात काढतात. वस्तुतः 240 च्या पद्धतीत स्टुडिओतील दृश्य फिल्मवर टिपून, ती तेथल्या तेथे धुऊन मग प्रक्षेपित करावी लागे, त्यामुळे कॅमेरा जागचा हलत नसे. शिवाय एकाआड एक रेषा रेखाटण्याची सोय नसल्याने चित्र सेकंदास 25 वेळाच उजळून लुकलुके. 1937 च्या फेब्रुवारीत ती पद्धती बंद झाली, त्यामागे ही वैगुण्येही होती.

माझे म्हणणे इतकेच की, रेषा, बँडविड्थ व लुकलुक यांचा मेळ ज्या पद्धतीत बसतो तिचे चित्र चांगले. 5 मेगाहर्ट्झमध्ये रेषेवर सुमारे 520 बिंदू देणारी 625 ची पद्धती या कसोटीस उतरते. दिल्लीत 1959 साली आणि मुंबईत 1972 साली दूरचित्रवाणी सुरू झाली ती याच पद्धतीने. त्या गृहस्थांनी आपल्या कोष्टकात रेषांच्या शेजारी बँडविड्थचा रकाना घालावा आणि मगच प्रतवारी पुन्हा लावावी.