मळ्यातला बोर्ड हँग झाला तर उठवणार कोण?

सांगोल्यात डाळिंबाच्या बागांना ठिबकचं ऑटोमेशन बसवायचा धंदा करताय? मग माझं मत स्पष्ट आहे: वॉचडॉग टायमर चालू केल्याशिवाय गिऱ्हाइकाला सिस्टीम देऊच नका.

वॉचडॉग म्हणजे चिपमधलंच उलटं मोजणारं घड्याळ. प्रोग्रॅम नीट चालतोय तोवर तो हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावत राहतो. प्रोग्रॅम अडकला की घड्याळ शून्यावर जातं आणि बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. अर्डुइनो उनोत ही मुदत जास्तीत जास्त सुमारे 8 सेकंद. वेगळा पैसा लागत नाही, तरी लोक चालू करत नाहीत! मग व्होल्टेज खाली-वर झालं, बोर्ड हँग, आणि नुसतं बटण बंद-चालू करायला तुम्ही गाडीला किक मारणार. पेट्रोल कोणाचं?

पण रीस्टार्ट झाल्यावर मोटार बंदच राहिली पाहिजे. आधी विहिरीचं पाणी तपासायचं, मग मोटार. ही काळजी घेतली नाही तर वॉचडॉगच मोटार जाळेल.

1997 मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडरसुद्धा सारखं रीस्टार्ट व्हायचं. नासाच्या इंजिनिअरांनी कारण शोधलं आणि पृथ्वीवरूनच प्रोग्रॅम दुरुस्त केला. तुम्हीही प्रत्येक रीस्टार्टची नोंद बोर्डात ठेवा. आठवड्याला दहा दिसले, तर सप्लाय आणि अर्थिंग आधी बघा.