दुसऱ्या कुलपाची किल्ली

कार्यालयातील संगणक उघडण्यास आता केवळ पासवर्ड पुरेसा ठरत नाही. पासवर्ड ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, तर मोबाईल ही आपल्याजवळ असलेली वस्तू. दोहोंची साक्ष पटल्यावरच दार उघडावे, हे दुहेरी पडताळणीचे तत्त्व होय. त्यामुळे पासवर्ड चोरीस गेला तरी चोर उंबरठ्यावरच अडतो.

परंतु हे दुसरे कुलूप आपल्याच बोटाने उघडते. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड परक्याच्या हाती लागला. त्याने वारंवार लॉगिनचा प्रयत्न केला आणि दर वेळी कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर मंजुरीची विनंती येत राहिली. आरंभी तो अडला; अखेरीस एक विनंती स्वीकारली गेली आणि दार उघडले. कुलूप शाबूत होते, सावधपण तेवढे ढळले.

पुढे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटरमधील अशा विनंत्यांसाठी संगणकाच्या पडद्यावरील अंक मोबाईलवर भरणे अनिवार्य केले. पडदा ज्याच्यासमोर आहे, त्यालाच अंक दिसतो.

आपण लॉगिन करीत नसताना विनंती आली, तर पासवर्ड फुटल्याची शंका घ्यावी. ती नाकारावी, पासवर्ड बदलावा आणि कार्यालयातील संगणक विभागास तत्काळ कळवावे. फोनवर कोणी कितीही अधिकारवाणीने मागितला, तरी अंक सांगू नये. घरातील मुलांनाही समजवावे, की आई-बाबांच्या मोबाईलवरील ‘मंजूर’ हे बटण खेळण्याचे नव्हे. सतत वाजणारा मोबाईल शांत करण्यासाठी दिलेला होकार साऱ्या कार्यालयास महाग पडू शकतो.