खुब्यातला पू मुहूर्त पाहत नाही!

तान्हे मूल एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना टाहो फोडते, अंगाला कधी ताप असतो, कधी नसतोही. घरची वडीलधारी माणसे 'लचक भरली' म्हणत तेल चोळतात, दृष्ट काढतात, हाडवैद्याचा लेप बांधतात, गावचा डॉक्टर तापाचे औषध देऊन परत धाडतो, आणि तेवढ्या अवधीत खुब्याच्या बंदिस्त सांध्यात तुंबलेला पू मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा आवळतो, कूर्चा विरघळवतो, हाड कुजवतो. याला दैव म्हणू नका. हा अपराध आहे!

लंडनच्या टॉमस स्मिथ या शल्यविशारदाने अर्भकांच्या या घातक सांधेरोगाचे वर्णन १८७४ साली केले. सांधा उघडावा, पू धुऊन काढावा, शिरेतून प्रतिजैविके द्यावीत, हा उपाय आज कोणत्याही अस्थिशल्यविशारदाला ठाऊक आहे. पण तो तासांच्या हिशेबाने करायचा असतो. चार-पाच दिवस उलटले की उरतो तो आखूड पाय, लंगडी चाल, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया आणि तारुण्यातच कृत्रिम सांध्याची पाळी. एका रात्रीच्या दिरंगाईची किंमत एक माणूस सत्तर वर्षे फेडतो.

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवणारा कोल्हापूर जिल्हा हाच ना? त्याच सोनोग्राफीत खुब्यात साचलेला द्रव काही मिनिटांत दिसतो. मग चंदगडच्या डोंगरातल्या लेकराचे निदान शंभरावर किलोमीटर तुडवून कोल्हापुरात आल्यावरच का व्हावे? मातांच्या लसीकरण कार्डावर 'बाळ पाय हलवत नसेल तर आजच दवाखाना' ही एक ओळ छापायला कोणता निधी आड येतो?

सरकारी दवाखान्यांत अस्पृश्यांना सन्मानाने उपचार मिळावेत, मिरजेच्या अमेरिकन मिशनचा कित्ता गिरवावा आणि हे मान्य नसणाऱ्यांनी राजीनामा द्यावा, असा हुकूम याच कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली काढला. २६ जूनला, त्यांच्या जयंतीदिनी, दसरा चौकातल्या त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या मंत्र्यांनी, आमदारांनी आणि अधिकाऱ्यांनी हाकेच्या अंतरावरील सीपीआर या सरकारी रुग्णालयाकडे तोंड वळवावे, आणि पाय न हलवणाऱ्या प्रत्येक तान्ह्या मुलाची तपासणी त्याच दिवशी, गरज पडल्यास शस्त्रक्रिया त्याच रात्री, असा लेखी आदेश जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला द्यावा. रात्री दोन वाजता आलेल्या लेकराला सकाळच्या ओपीडीची वाट पाहायला लावणाऱ्याने खुर्ची सोडावी.