फोटोवर ठिपका बसला म्हणजे बांध ठरला असं नाही



सध्या गावोगावी एक काम जोरात चालू आहे. मोबाईल घेऊन बांधाच्या कडेनं फिरायचं, जीपीएसचे पॉइंट घ्यायचे, गूगल अर्थवरचा फोटो ऑटोकॅडमध्ये टाकायचा आणि दोन्ही एकमेकांवर बसवून शेताचा नकाशा काढायचा. ठिबकचं डिझाईन, पाइपलाइन, शेततळ्याची जागा यासाठी ही पद्धत झकास आहे. मीही वापरतो. पण तोच नकाशा हातात घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे या उन्हाळ्यात दोन चुलत भावांची बोलाचाली बंद झाली ती अशाच एका प्रिंटवरून. लाल रेघ एकाच्या उसात पाच मीटर आत गेलेली दिसली आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आधी साधा हिशोब बघा. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाईल साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. आंब्याच्या झाडाखाली किंवा घराच्या भिंतीलगत तो आणखी चुकतो. १०० मीटर लांबीच्या बांधाची रेघ ५ मीटर सरकली तर ५०० चौरस मीटरचा फरक पडतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे मोबाईलच्या नेहमीच्या चुकीत जवळपास ५ गुंठे इकडचे तिकडे होतात! स्क्रीनवर रेघ केसाएवढी बारीक दिसते, पण जमिनीवर तिची जाडी बैलगाडीच्या वाटेपेक्षा जास्त आहे.

बरं, फोटो तरी पक्का आहे का? गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या वर्षांचे फोटो बघायची सोय आहे. आपल्या विहिरीवर खूण करा आणि वर्षं मागेपुढे करून बघा. पुष्कळ ठिकाणी विहीर खुणेखालून काही मीटर सरकलेली दिसेल. विहीर जागेवरच आहे, सरकला तो फोटो.

आता खरी गोम कॅडमध्ये आहे. पॉइंट आणि फोटो जुळत नाहीत म्हटल्यावर पोरं अलाइन कमांड घेतात, दोन ठिकाणं दाखवतात आणि स्केलला होकार देतात. फोटो फिरतो, लहानमोठा होतो आणि बरोब्बर बसतो. बसणारच! दोन पॉइंटवर कुठलाही फोटो बसतो, शेजारच्या गावाचासुद्धा. त्यानं काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा तिसऱ्या आणि चौथ्या पॉइंटची असते. जुळवताना जे वापरले नाहीत, ते आपोआप जागेवर पडले तर काम बरोबर. नाही पडले तर ओढून बसवू नका, का पडले नाहीत ते शोधा.

शोधायचं कसं, तर चुकीची दिशा बघायची.

👉 सगळे पॉइंट एकाच बाजूला सारखेच सरकलेत : फोटो किंवा त्या वेळचं जीपीएस सरकलंय. सगळं एकदम सरकवून चालतं.

👉 एक इकडे, एक तिकडे : मोबाईलची चूक. एकाच जागी थांबून पुन्हा पॉइंट घ्या.

👉 एका टोकाला जुळतं आणि लांब जावं तसा फरक वाढतो : स्केल चुकलंय, किंवा स्क्रीनशॉट घेताना गूगल अर्थ तिरकं होतं. सरळ वरून दिसेल असं करून नवा फोटो घ्या.

👉 शेत आरशात बघितल्यासारखं उलटं दिसतंय : मोबाईल आधी अक्षांश सांगतो, कॅडला आधी पूर्व-पश्चिम लागतं. आकडे उलटे टाकलेत.

👉 शेत पूर्व-पश्चिम थोडं ताणल्यासारखं दिसतंय : अंश तसेच एक्स-वाय म्हणून टाकलेत. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा साधारण ५ टक्के आखूड असतो. आधी अंशांचे यूटीएम मीटर करून घ्या. त्यातही ७८ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला झोन ४४. म्हणजे पुणे, नाशिक, संभाजीनगर ४३ मध्ये, तर वर्धा, नागपूर ४४ मध्ये. झोन चुकला तर शेत सहाशे किलोमीटरवर जाऊन पडेल.

👉 आणि अंश लिहिताना दशांश चिन्हानंतर किमान सहा आकडे ठेवा. चारच ठेवले तर प्रत्येक पायरी ११ मीटरची होते.

खुणा निवडताना जमिनीलगतच्या निवडा. विहिरीचा कठडा, मोरीचा कोपरा, काँक्रीट रस्त्याचं वळण. झाडाचा शेंडा आणि टाकीचा माथा फोटोत कलतात, त्यांवर भरवसा नको. ड्रोन उडवणार असाल तर आधी चार कोपऱ्यांत आणि मध्ये चुन्याच्या फक्कीनं मोठ्या फुल्या मारा आणि त्यांचे पॉइंट घ्या. शेवटी दोन पक्क्या खुणांमधलं अंतर टेपनं मोजा आणि कॅडमधल्या अंतराशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेच कोणी करत नाही.

काही जण म्हणतील, मोजणीवालेसुद्धा आता जीपीएसच वापरतात की! वापरतात, पण त्यांचा रोव्हर पक्क्या स्टेशनवरून दुरुस्ती घेतो आणि काही सेंटिमीटरपर्यंत जातो. शिवाय ते जुन्या अभिलेखाशी ताडून हद्द ठरवतात. फोटोत दिसतो तो आज वहिवाटीत असलेला बांध. कागदावरची हद्द फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, फी भरा, क-प्रत घ्या. वेळ लागतो, पैसे लागतात, मान्य. पण भावकी तुटली तर ती जोडायला कुठलीच कमांड नाही.

नकाशा काढून देणाऱ्या पोरांना एकच विनंती. प्रिंटच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा : "अंदाजे नकाशा, हद्दीसाठी नाही, चूक ५ मीटरपर्यंत." यात कमीपणा काही नाही. औषधाच्या बाटलीवर प्रमाण लिहितात, तसंच हे.

तुमच्याकडे पॉइंट आणि फोटो किती मीटरनं चुकतात? विहिरीच्या कठड्यावर तपासून खाली आकडा टाका, गावाच्या नावासकट.